खडूनं लिहिलेलं माप

"नाना, हाऊ बुश नही, बांगडी शे," म्हणत प्रेमराजनं हातातली लोखंडी कडी टेबलावर आपटली. "भरी ल्या हातमा."

निंबानानांनी लोखंड तासायचं लेथ बंद केलं. सोनगीरच्या हमरस्त्यावर त्यांचं टर्निंगचं दुकान तीस वर्षांपासूनचं. कुठे पोकलेन अडली, डंपर बसला, रोलर रुसला की लोक आधी त्यांच्याकडे यायचे. बाजारातला सुटा भाग यायला आठवडा लागेल तिथे नाना तो दुपारपर्यंत लोखंडातून काढून द्यायचे, आणि तो बसायचाही. याचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवत नसत. लपवण्यासारखं त्यांच्याकडे दुसरंच काही होतं.

प्रेमराजची एकच पोकलेन, ती तो स्वतःच चालवायचा. तिची बकेट जाडजूड पिनवर लटकते आणि ती पिन फिरते या बुशमध्ये. हा बुश त्यानं आठ दिवसांपूर्वी नानांकडून करून नेला होता.

"बसाडतांना ढिला लागना," तो म्हणाला. "पन म्हंतलं, नानाना बुश शे, बरोबरच असी. काल पिन वाकनी आनि बकेट धाडकन खाले. दोन मिनिट आगोदर तठे मजूर उभा व्हता, नाना."

नानांनी बुश उचलला आणि आतून अंगठा फिरवला. डोळे काहीही म्हणोत, अंगठा खोटं बोलत नाही. भोक चांगलं एक मिलिमीटर मोठं होतं.

"माप कोनी लिधं व्हतं?" प्रेमराजनं विचारलं.

नानांचं तोंड उघडलं, पण शब्द येण्याआधीच कोपऱ्यातून त्यांची बायको, कोकिळाबाई, बोलल्या. त्या लेथखालचा लोखंडी कीस घमेल्यात भरत होत्या.

"मी लिधं व्हतं. ते जेवाले बसेल व्हतात."

प्रेमराज त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याचा राग उतरला आणि त्या जागी थट्टा आली. "कमाल शे नाना. वर्नियर अक्काना हातमा? आनि लाटनं तुम्ही धरतस का मंग?"

आणि नाना हसले.

खरी गोष्ट अशी की त्या दिवशी कोकिळाबाई दुकानातच काय, गावातही नव्हत्या. त्या पिंप्राळ्याला लेकीकडे गेल्या होत्या. माप नानांनीच घेतलं होतं. दोन वर्षांपासून साखरेनं त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब केला होता. धुळ्याच्या डॉक्टरांनी चष्म्यानं फार फरक पडणार नाही असं स्वच्छ सांगितलं. आकडे दाखवणारी नवी वर्नियर आणली, तर तिचे आकडेही पाण्यात पडल्यासारखे थरथरायचे. तेव्हापासून माप कोकिळाबाई घ्यायच्या. सातवी शिकलेली बाई, पण पंधरा दिवसांत वर्नियरच्या बारीक रेघा वाचायला शिकली. माप घ्यायचं, लेथच्या मागे फरशीवर खडूनं वीतभर आकडा लिहायचा, आणि कुणी आलं की पायानं पुसून टाकायचा, अशी त्यांची पद्धत होती. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई डबा घेऊन आल्यात. अर्ध्या आंधळ्या मिस्तरीकडे काम कोण देणार, या भीतीनं दोघंही गप्प होते.

त्या दिवशी मात्र प्रेमराज घाईत होता आणि नानांना वाटलं, एवढं तर आपल्याला दिसेल. दिसलं नाही.

"आते असं करा नाना," प्रेमराजनं स्टूल ओढलं. "पिन आनि बुश दोन्ही नवं करा. मी आठेच बसस. आनि अक्का, तुम्ही आते हात नका लावू हां, हात जोडस."

कोकिळाबाईंनी घमेलं ठेवलं, हात पुसले आणि उंबऱ्यावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसल्या.

नानांनी लेथवर रॉड बांधला. चांगल्या पोलादाचा तेवढा एकच तुकडा दुकानात होता. जुनी पिन गॅसनं कापून काढावी लागली होती, तिच्या तुकड्यांवरून काही कळण्यासारखं नव्हतं. बुशचं त्यांना भय नव्हतं, तो पिन घालूनच बघता आला असता. पण पिनचं दुसरं टोक मशीनवरच्या जुन्या बुशमध्ये जायचं होतं. तिथे जाडी हवी एकोणऐंशी पूर्णांक आठ मिलिमीटर. त्याहून बारीक झाली की पुन्हा तेच, आणि या वेळी खाली कोण उभं असेल सांगता येत नाही.

लेथ सुरू झालं. सुरुवातीचं काम नानांचे हात झोपेतही करतील. पोलादाची साल निळी होऊन वेटोळी पडत होती. पण नानांचं लक्ष तिकडे नव्हतं. आपण हसलो, एवढंच त्यांना आठवत होतं. नुसतं गप्प राहिलो असतो तर गोंधळलो म्हणता आलं असतं. पण आपण हसलो, आणि चांगलं मोकळं हसलो. सुटलो म्हणून हसलो. बायको खोटं बोलून आपल्या वाटचं ऐकून घेत होती आणि आपण गिऱ्हाइकाच्या बाजूनं उभे राहिलो. त्यांना स्वतःची किळस आली.

शेवटचा काप राहिला. नानांनी लेथ थांबवलं आणि पिनला वर्नियर लावली. रेघा एकमेकींत मिसळल्या. त्यांनी वर्नियर पुसली आणि पुन्हा लावली. मग पिन पुसली.

"किती, नाना?" प्रेमराज म्हणाला.

ऐंशी पूर्णांक आठ असेल, नाहीतर एक्क्याऐंशी पूर्णांक आठ. दोन्हींपैकी एक नक्की, आणि मधलं अंतर तेच एक मिलिमीटर, ज्यानं काल बकेट खाली आणली होती. नानांनी रस्त्याकडे पाहिलं. उंबऱ्यावरची पाठ हलली नाही. तिला सगळं कळत होतं. हाक मारली असती तर ती काही न बोलता आली असती, आणि हेच त्यांना सहन होईना.

"माले दिसत नही, प्रेमराज," ते म्हणाले.

"बत्ती लावू का?"

"बत्तीनं नही दिसाव. मन्हा डोया गयात. दोन वरीस झायात." एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. "तो बुश मी बिघाडा. ती त्या दिन आठे नव्हतीच, पिंप्राळाले गयेल व्हती. ती आठे ऱ्हाती ते बुश बरोबर ऱ्हाता. आजपावत तू जे जे नेलं आनि चांगलं बसनं, त्यानं माप तिनंच लिधं."

प्रेमराज स्टुलावरून उठला आणि पुन्हा बसला.

"कोकिळा," नानांनी हाक मारली. "माप ले."

त्या लगेच उठल्या नाहीत. मग उठल्या, पदराला हात पुसले, वर्नियर लावली, डोळ्यांजवळ नेली. "ऐंशी आठ."

प्रेमराजनं हात पुढे केला. त्यांनी वर्नियर त्याच्या हातात दिली. त्यानं ती उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली आणि परत दिली. "माले नही समजत यामातलं," तो हळूच म्हणाला.

नानांनी काप घेतला. कोकिळाबाईंनी पुन्हा मापलं आणि सवयीनं लेथच्या मागे वाकून फरशीवर लिहिलं, ७९.८. मग तासाभरात बुशही झाला. पिन त्यात हातानं सरकली आणि कुठेही डुगडुगली नाही.

जाताना प्रेमराज दारात घुटमळला. "अक्का, मी जे बोलनू..." एवढंच म्हणाला आणि पिन खांद्यावर घेऊन निघून गेला. तो पुन्हा येईल की नाही, आणि चौकात काय सांगेल, हे नानांनी विचारलं नाही.

कोकिळाबाईंनी आकडा पुसायला पाय पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले.

"लोके दखतीन."

"दखू दे."

त्यांनी पाय मागे घेतला आणि पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसल्या. नाना कापडानं लेथ पुसत राहिले. पुसून झालेला भागच पुन्हा पुसत होते.

"तू खोटं काबर बोलनी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ते मी मन्हा मनथून बोलनू," त्या रस्त्याकडे बघतच म्हणाल्या. "त्यानं माले काही नही. पन तुम्ही हासनात."

नानांच्या हातातलं कापड थांबलं. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी मान वर केली. पायाशी वीतभर आकडा होता, तो त्यांना नीट दिसत होता. उंबऱ्यावर ऊन होतं, आणि त्या उन्हात तिचा चेहरा काही केल्या दिसेना.