सुगंधाचं वय

"थांबा, थांबा! आता रुक्माबाईंना विचारू या," रंजिता मॅडम म्हणाल्या आणि चौथीच्या वर्गाने माना वळवल्या.

रुक्माबाई दारात उभी होती. खिचडी झाली, पोरांना हात धुवायला पाठवा, एवढंच सांगायला आली होती. सौंदडच्या अलीकडच्या त्या लहान गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत ती एकवीस वर्षं खिचडी शिजवत होती. यंदा तिला साठ वर्षं पूर्ण झाली होती. म्हणूनच शनिवारच्या कोड्यात मॅडमनी गमतीने साठचा आकडा घातला होता.

फळ्यावर लिहिलं होतं : 'मी सहा वर्षांची असताना माझी बहीण माझ्या निम्म्या वयाची होती. आता मी साठ वर्षांची आहे. तर माझी बहीण किती वर्षांची?'

"तीस!" उमेंद्र मघापासून ओरडत होता. "निम्मे म्हंजे तीस!"

मॅडमनी कोडं मोठ्याने वाचून दाखवलं. "सांगा रुक्माबाई, बहीण किती वर्षांची?"

"तीन," रुक्माबाई म्हणाली.

सगळा वर्ग खदखदून हसला. "मॅडम, बाई साठ वर्षांची अन् तिची बहीण तीनची!" नीतूला तर हसू आवरेना. मॅडमही हसल्या. खडू घेऊन त्यांनी समजावलं, "दोघींच्या वयात तीन वर्षांचं अंतर होतं ना? ते अंतर कधीच बदलत नाही. साठातून तीन गेले, सत्तावन्न."

रुक्माबाईसुद्धा थोडं हसली आणि परत चुलीकडे गेली.

पोरं जेवायला बसल्यावर मॅडम स्वयंपाकाच्या खोलीत आल्या. "रुक्माबाई, रागावला नाहीत ना? तुम्ही तीन कसं म्हणालात?"

रुक्माबाईने खिचडीच्या गंजावर झाकण ठेवलं. "तीन वर्षाचीच रायली ती, मॅडम. माही बहीण. सुगंधा."

धान कापणीचे दिवस होते. आईबाप धानाच्या बांधीत कापणीला वाकलेले. सहा वर्षांच्या रुक्माच्या कडेवर तीन वर्षांची सुगंधा. रुक्माने तिला बोडीच्या, शेतालगतच्या तळ्याच्या, पाळीवर बसवलं, "हालू नोको" म्हणून बजावलं, आणि खेकड्याचं बीळ उकरायला खाली उतरली. खेकडा हाती लागला. तो दाखवायला वर आली, तर पाळीवर कोणी नव्हतं. बोडीचं पाणी तर इतकं निवांत होतं, की सुगंधा आईकडे गेली असेल असं समजून रुक्मा खेकडा घेऊन बांधीपर्यंत चालत गेली होती.

"मला माहीत नव्हतं हो," मॅडम पुटपुटल्या.

"ह्या गावात कोनालेच माहीत नाई. मी सांगतलं नाई, मायनं बी नाई."

मॅडम वर्गात गेल्या आणि त्यांनी फळा पुसून टाकला.

दुपारी रुक्माबाई घरी आली. माय अंगणात उन्हाला खाट टाकून पडली होती. ब्याऐंशी वर्षांची; रुक्माबाईचा भाऊ वारल्यापासून लेकीकडेच असे. सुगंधा बुडाल्यानंतर थोड्याच दिवसांत मायने तिचं नाव घेणं बंद केलं होतं. मायच्या मनातला राग अजून गेलेला नाही, असं रुक्माबाई जन्मभर धरून चालली होती. मायला न्हाऊ घालताना, भात कालवून देताना, ती कधी मान वर करून तिच्या डोळ्यांत बघत नसे.

आज मात्र ती खाटेच्या कडेला जमिनीवर बसली. "माय, आज शाळेत एक हिशेब घातला होता पोट्ट्याईले." आणि तिने कोडं सांगितलं.

मायने बोटांवर मोजलं नाही. "सत्तावन," ती म्हणाली.

माय शाळेची पायरी चढलेली नव्हती. रुक्माबाई बघतच राहिली. "तुले कसं आलं वो?"

"पोळ्याच्या दिवशी झाली होती ना. आवंदाच्या पोळ्याले सत्तावन भरले तिले." माय आभाळाकडे बघत होती. "तुह्याकडं पायतो अन् तीन कमी करतो. तुह्या लग्नात सोळा वर्षाची होती. तुह्या पिवळ्या लुगड्यावर डोळा होता तिचा."

रुक्माबाई आणखी जवळ सरकली. "मंग तुनं कधी नाव काऊन नाई घेतलं, माय?"

"कसं घेऊ? नाव घेतलं का तू धान भरायच्या ढोलीमागं जाऊन बसे. भात खायाले बी निंघे नाई. एक गेली होती, दुसरी बी जाते का काय! मंग बंदच केलं."

कोंबड्या अंगणभर दाणे टिपत होत्या. रुक्माबाईने विचारलं, "तुले माहा राग आला होता?"

"आला ना. झूट काऊन सांगू? लय आला होता." मायने श्वास घेतला. "पर तू सहा वर्षाची होती वो. एका पोट्टीच्या कडेवर दुसरी पोट्टी देल्ली कोनं? म्याच ना."

रुक्माबाई खाली वाकली आणि खाटेच्या काठावर गाल टेकून रडू लागली, आवाज न करता, लहानपणी ढोलीमागे रडायची तशी. मायने तिला गप्प केलं नाही. थोड्या वेळाने तिचा सुरकुतलेला हात गोधडीतून बाहेर आला, रुक्माबाईच्या कपाळावरून फिरला, भुवयांवरून, नाकावरून, हळूहळू कानाजवळच्या पांढऱ्या केसांपाशी येऊन थांबला.

"तिचे बी पिकले असते आता," माय म्हणाली.

रुक्माबाई हलली नाही. ऊन खाटेवरून सरकून भिंतीला लागलं, तरी ती तशीच बसून राहिली.