किटलीच्या पोटातला दगड

आमच्या चाळीला नळ एकच, अंगणाच्या मधोमध. हिवाळ्यात त्याला पेंढा बांधायचा, वर फाटकी रजई गुंडाळायची, की तो खोकला झालेल्या म्हाताऱ्यासारखा दिसे. बोलेही तसाच. आधी घशात खरखर, मग एक उचकी, आणि मग पाणी. दिसायला काचेसारखं, पण तापवलं की आपला खरा रंग दाखवी. चहावर साय धरे, साबणाचं दही होई, टॉवेल वाळला की भिंतीला टेकवून उभा करावा इतका ताठ. शेंगदाणे, घेवडा, काहीही शिजवा, सोडा घातल्याशिवाय दाणा वाकत नसे. चीनच्या उत्तरेला, तायुआनच्या पोलाद कारखान्यात आमची माणसं लोखंड वितळवत, आणि घरी आम्हा बायकांना एक घेवडा वितळवता येत नव्हता!

बादल्यांची रांग लागली की आम्ही म्हणायचो,

नळाच्या गं पाण्याचा मान बाई थोर,
किटलीच्या पोटामध्ये दगडाचं पोर.

आणि होतंच ते पोर. प्रत्येक घरच्या किटलीत पांढरा थर वाढत असे. कोणी सुकल्या घोसाळ्याची जाळी आत टाकून ठेवी, म्हणजे क्षार तिच्यावर बसे. शेजारच्या छियाओ काकूंच्या किटलीत मात्र जाळी नव्हती, काही नव्हतं. नवरा गेल्यापासून त्यांनी ती आतून घासलीच नव्हती. हलवली की खुळखुळे.

त्या घरात वसंतात सून आली, पेइलिंग. दक्षिणेकडच्या चहाच्या डोंगरातली. काकूंचा लेक तशंग तिकडे यंत्रं बसवायला गेला आणि यंत्रांबरोबर मनही तिथेच बसवून आला. पोरगी गोड, पण अंगणात पहिल्यांदा केस धुतले आणि नळापाशीच रडायला बसली. कमरेपर्यंतची वेणी, आणि तिचा काथ्या झालेला. पुढे पुढे कंगवाच फिरेना. शेवटी उन्हाळ्यात तिने कात्री घेतली आणि वेणी मानेपाशी कापून टाकली. काकूंनी ती वेणी लाल कापडात गुंडाळून पेटीत ठेवली.

आता तिचे वडील यायचे होते.

"गुइफन, ऐकलंस का?" काकू माझ्या दारात उभ्या. हात पिठाचे. "परवा येतोय."

"मग येऊ द्या की. व्याही आहेत, वाघ थोडेच आहेत!"

"लग्नात काय म्हणाला ते विसरलीस? भर पंगतीत उभा राहिला, प्याला वर केला आणि म्हणाला, पाणी मानवलं नाही तर पोर परत नेईन. सगळे हसले. मी नाही हसले. तो माणूस थट्टा करणाऱ्यातला नाही."

"पोर काय म्हणते?"

"ती कुठे काय म्हणते! तेच तर." काकूंनी आवाज खाली आणला. "वेणी तर बघेलच तो. पण त्याच्या आधी चहा पिणार. चहा पिकवणारा माणूस, एका घोटात ओळखेल मुलीला आपण काय पाजतो ते. निदान किटली तरी स्वच्छ हवी."

"मग शिरका उकळा तिच्यात. आंबटाने थर सुटतो."

हे मी सांगायला नको होतं, असं नाही. आमच्याकडे कोणीही हेच सांगितलं असतं. शेवयांवर शिरका. पोट दुखलं, शिरका. पाहुणा रुसला, त्याच्या वाडग्यात शिरका. आमच्या प्रांतातली माणसं ज्वारी पेरतात ती पोटासाठी कमी आणि शिरक्यासाठी जास्त. पण उकळायला दुकानातला पातळ शिरका घेतात, चमचा-दोन चमचे, पाणी घालून. काकूंनी काढला तो नवऱ्याने स्वतः घातलेला, वर्षानुवर्षं उन्हात आणि बर्फात मुरलेला, काळा, मधासारखा दाट. रांजणातून उपसला आणि किटली गळ्यापर्यंत भरली.

"काकू! अहो हा तर..."

"व्याह्यापेक्षा शिरका मोठा नाही," त्या म्हणाल्या. पण डोळे मिटून म्हणाल्या.

पाहुणा यायच्या सकाळी किटली शेगडीवर चढली. सगळी चाळ आंबट झाली. पलीकडच्या घरातून कोणीतरी ओरडलं, "काय गं, आज शेवया कोणाकडे?" किटलीच्या पोटात कटकट आवाज होऊ लागला. पापुद्रे सुटले, अंड्याच्या टरफलासारखे. काकूंनी ते ओतून काढले, आत बघितलं आणि लहान मुलीसारख्या हसल्या. आतून चांदी!

मग नळाचं ताजं पाणी भरून त्यांनी ती पुन्हा शेगडीवर ठेवली. आम्ही दोघी कौतुकाने बघत उभ्या. आणि चर्र झालं.

एक थेंब. मग दुसरा. मग धारच. निखाऱ्यांतून राखेचा लोट उठला आणि काकूंच्या तोंडावर, पांढऱ्या केसांवर, नव्या निळ्या कोटावर बसला. किटलीच्या बुडाला भोक होतं. कधीचं होतं कोण जाणे! इतकी वर्षं त्या दगडानेच ते बुजवून धरलं होतं.

"आई, आलो आम्ही," दारातून तशंग म्हणाला.

त्याच्यामागे पेइलिंगचे वडील, शेनबाबा. बुटके, उन्हाने रापलेले, पाठीला दोरीने बांधलेली मातीची बरणी. तिचं तोंड मेणाने बंद. आगगाडीत एवढा वेळ ती मांडीवरून खाली ठेवली नव्हती म्हणे. त्यांनी राखेने माखलेल्या विहिणीला वाकून नमस्कार केला आणि मान वर केली, तर समोर पेइलिंग उभी.

"वेणी?"

"कापली, बाबा."

शेनबाबांनी बरणी उतरवली, मेण नखाने खरवडलं. "आपल्या झऱ्याचं पाणी आहे," ते म्हणाले. "आधी चहा पी. मग बोलू."

ते 'मग बोलू' ऐकून काकूंनी माझा हात धरला.

मी घरून कोरं पातेलं आणलं. पाणी तापलं. शेनबाबांनी स्वतःच्या हाताने पानं टाकली. ती एकेक उभी राहिली आणि हळूच खाली बसली. चहावर साय नाही, डाग नाही. पेल्याच्या तळाशी चितारलेला निळा मासा दिसत होता.

"घ्या, विहीणबाई."

काकूंनी घोट घेतला. जिभेवर फिरवला. पुन्हा फिरवला, काही सापडतंय का बघत असल्यासारखा. "छान आहे हो," त्या म्हणाल्या. "स्वच्छ आहे. अगदी... मासा दिसतो."

पण शेनबाबा तिकडे बघतच नव्हते. ते लेकीकडे बघत होते. आम्हीही. तिने पेला दोन्ही हातांत धरला, वाफ नाकाशी घेतली, डोळे मिटले. मला वाटलं, आता रडणार आणि आता हा तिची पेटी बांधायला सांगणार. तिने घोट गिळला.

"पोकळ लागतं," ती म्हणाली. आणि पटकन तोंडावर हात ठेवला.

"काय?"

"नाही बाबा, म्हणजे..." ती लालबुंद झाली. "चांगलंय. पण जिभेला काही लागतच नाही. पाणी आलं आणि गेलं, असं वाटतं."

"याच पाण्यावर वाढलीस तू!"

"हो. म्हणून तर मलाच कळेना."

तशंग खाली बघत ओठ चावत होता. शेनबाबांनी पेला खाली ठेवला. "इथलं आण," ते म्हणाले. "इथलं पाणी. मला दे."

पेइलिंग अंगणात गेली. नळ खोकला. माझ्या किटलीत, घोसाळ्याच्या जाळीसकट, तिने पाणी उकळलं आणि मोगऱ्याच्या वासाचा आमचा साधा चहा केला. तपकिरी, गढूळ, वर साय. शेनबाबांनी घोट घेतला आणि त्यांच्या चेहऱ्याच्या सगळ्या सुरकुत्या नाकाभोवती गोळा झाल्या.

"हे पितेस तू?"

"पिते."

"आवडतं?"

तिने विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "आवडतं असं नाही, बाबा. पण नसलं की चुकल्यासारखं होतं."

शेनबाबा पेला उचलून शेवटपर्यंत प्यायले. तळाशी राहिलेला पांढरा गाळसुद्धा. पेला पालथा करून दाखवला, लग्नात दाखवला होता तसा.

"मानवलं म्हणायचं," ते म्हणाले. आणि काकूंकडे वळून, "तोंड धुऊन या, विहीणबाई. मघापासून मला वाटतंय मी गिरणीत आलोय."

काकू हसल्या, आणि राखेवर डोळ्यांतून दोन नाले वाहिले.

जेवताना शेवयांवर शिरका ओतता ओतता पेइलिंगचा हात थांबेना, तेव्हा बाप नुसता बघत होता. नंतर त्यांनी फुटकी किटली उचलली, बूड उजेडाकडे धरून एका डोळ्याने भोकातून नळ बघितला. कल्हईवाल्याकडे देऊ का, असं तशंगने विचारलं.

"कशाला? तुमच्या नळाचं पाणी भरा आणि उकळत राहा. ज्याने बुजवलं होतं तोच बुजवेल. फक्त पुन्हा आंघोळ घालू नका तिला."

ते गेले तेव्हा बरणी रिकामी न्यायची नाही म्हणून काकूंनी उरलेला काळा शिरका तिच्यात भरला. "चहात घालू नका," त्यांनी दोनदा बजावलं.

वर्ष सरता सरता किटली थेंबाथेंबाने गप्प झाली. पेइलिंग आता काकूंकडून शिकून केस धुतल्यावर शेवटच्या पाण्यात चमचाभर शिरका घाले. नवी आली तेव्हा त्याच वासाने नाक मुरडायची. केस पुन्हा मऊ झाले, खांद्यापर्यंत आले. एका सकाळी ती रांगेत माझ्या पुढे होती. आमच्या म्हणण्यात तिने स्वतःचं जोडलं, तिकडच्या हेलात, थोडं लाजत,

माहेरचं पाणी बाई, हलका जसा वारा,
सासरच्या पाण्यामध्ये दगडाचा थारा.

"वा गं!" मागून कोणीतरी ओरडलं. "आता ती बादली उचल, थाऱ्याची! आम्हालाही घेवडा शिजवायचाय."