गाठीच्या आत कोण शिरलं होतं

मित्रांनो, मला सगळे दुतोंड्या म्हणतात, पण माझ्याइतका खरं बोलणारा या इमारतीत दुसरा कोणी नाही. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. शरीरातला तुकडा ठेवलेली एकच काच दोन माणसांना समोरासमोर बसून एकाच वेळी पाहता यावी, म्हणून मला डोळे लावायच्या दोन जागा दिल्या आहेत. माझी भिंगं फार दूरच्या देशात घासली गेली. मी जहाजाने खिदिरपूरच्या गोदीत उतरलो आणि तेव्हापासून कोलकात्याच्या एका सरकारी इस्पितळात खिडकीपाशी उभा आहे.

माझ्या समोर बसून किती मुलं डॉक्टर झाली! परीक्षेच्या दिवसांत माझ्यासाठी रांग लागायची. मग काचेवरचं सगळं थेट पडद्यावर दाखवणारं नवं यंत्र आलं आणि माझे दिवस फिरले. माझ्या डोक्यावर कोणी छत्री टांगली, कोणी मुडीचा, म्हणजे कुरमुऱ्यांचा, डबा ठेवला. माझ्या सर्वांत मोठ्या भिंगावर तेलाचा थेंब वाळून चिकटला, तेव्हा काचा तपासणाऱ्या डॉक्टर सुदेष्णा लाहिरी केवढ्या कडाडल्या!

"आपल्या चष्म्यावर मोहरीचं तेल ओतून ठेवाल का रे?" असं विचारत त्यांनी स्वतः मला पुसलं. त्यांच्यामुळेच मी भंगारात गेलो नाही.

लाहिरीबाईंची एक गंमत सांगतो. बंगाली घरात प्रत्येकाला शाळेचं एक नाव आणि हाक मारायचं एक नाव असतं. बाईंनी पेशींनाही हाक मारायची नावं दिली आहेत. शरीराचं रक्षण करणाऱ्या गडद निळ्या, गोल, लहानशा पेशी म्हणजे टुबलू. परक्याला ओळखून ठार करणं हे त्यांचं काम. आणि फुप्फुसात शिरलेला कचरा गिळणाऱ्या मोठ्या पेशी म्हणजे पेटुक, खादाड. त्यांच्या पोटात या शहराच्या धुराची काजळी मला स्पष्ट दिसते.

या दोघांना मी मनापासून मानतो. पण फुप्फुसातली गाठ महाबिलंदर असते. ती टुबलूंच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना दाराबाहेर थोपवते. पेटुकांना तर ती फितवतेच. चोराने पहारेकऱ्यालाच पंगतीला बसवावं, तसे ते गाठीत बसून राहतात आणि तिला रक्त मिळावं म्हणून वाटा काढून देतात. मग गाठ वाढते.

बाराकपूरचे बाणेश्वर नंदी शंख कापून बांगड्या करणारे कारागीर. करवतीची धूळ आणि बिडीचा धूर त्यांनी जन्मभर छातीत घेतला होता. त्यांच्या डाव्या फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा माझ्याखाली आला होता. त्यांना जे नवं औषध सुरू झालं, ते गाठीला मारणारं नव्हतं. टुबलूंच्या डोळ्यांवरची पट्टी सोडणारं होतं. पण काही आठवड्यांनी छातीचा फोटो काढला, तर गाठीची सावली जवळजवळ दीडपट झालेली! नंदीकाकांनी पिशवी भरली. मरायचंच तर घरी मरू, म्हणाले. छातीच्या डॉक्टरांचाही धीर सुटत चालला होता. लाहिरीबाईंनी मात्र हट्टाने गाठीच्या दोन ठिकाणांहून सुईने पुन्हा तुकडे काढायला लावले आणि नंतर काकांना त्यांच्या बायकोसह, शेफालीकाकूंसह, खाली बोलावलं.

"पडद्यावर दाखवलं तर तुम्हाला सिनेमा वाटेल. इथे बसा, काका. तुमचाच तुकडा आहे, तुम्हीच बघा."

काका माकडटोपी काढायला तयार नव्हते. डोळा काही नीट टेकेना.

"काढा हो ती टोपी!" शेफालीकाकू मागून म्हणाल्या. "आपण काय दार्जिलिंगला आलोय?"

बाईंनी आधी औषधापूर्वीची जुनी काच लावली. "हे निळे ठिपके म्हणजे आपले टुबलू, आणि जांभळे ते गाठीचे. कुठे आहेत बघा."

"काठावर. पूजेच्या मांडवाबाहेर लायनीत ताटकळल्यासारखे. आत सगळी जांभळी टोळी आहे. आणि हे पोट सुटलेले कोण?"

"ते पेटुक. आपलेच, पण गाठीला फितलेले."

"म्हणजे आपल्या गल्लीतल्या क्लबचे सेक्रेटरी," काकू म्हणाल्या.

मग बाईंनी नवी काच लावली. काका वाकून पाहू लागले. माझीसुद्धा छाती धडधडत होती म्हणा, मला छाती नसली तरी.

"अगं, हे तर निळंच निळं! जांभळे गेले कुठे?"

"शोधा की."

बाईंनी काच हळूहळू सरकवली. कुठेतरी एखादी जांभळी पेशी दिसे, तीही फुगून फुटायला आलेली, चहूबाजूंनी टुबलूंनी घेरलेली.

"सगळे मांडवात घुसलेत!"

"म्हणून मांडव फुगलाय. सावली वाढली ती या गर्दीने, काका. दोन्ही तुकड्यांत हेच दिसतंय. खोटी आशा दाखवत नाही. बहुतेकांची सावली वाढते ती गाठच वाढल्यामुळे. तुमच्यासारखं फार थोड्यांचं होतं. आणि हे टुबलू जिंकतीलच, असंही मी सांगू शकत नाही. पण आत्ता ते लढतायत."

"हे सगळे माझेच?"

"तुमचेच. औषधाने एकही बाहेरून आणलेला नाही."

काकांनी डोळा न काढताच म्हटलं, "शेफाली, पिशवी रिकामी कर. हे एवढे आत लढतायत आणि मी पळून जाऊ?"

मित्रांनो, मी कित्येक काचा पाहिल्या आहेत ज्यांत सगळी जांभळीच टोळी होती. त्या माणसांचं पुढे काय झालं, ते मला कोणी सांगायला आलं नाही. म्हणून नंदीकाकांची पुढची काच येईपर्यंत मला चैन नव्हतं.

ती कित्येक महिन्यांनी आली. सावली आता लहान झाली होती आणि उरलेली गाठ शस्त्रक्रियेने काढली होती. बाईंनी एकेक काच पाहिली, पुन्हा पाहिली, छातीच्या डॉक्टरांना समोर बसवून तिसऱ्यांदा पाहिली. मग शेफालीकाकूंना बोलावलं. काका वरच्या मजल्यावर नळी लावून झोपले होते.

"शत्रू कुठाय?" काकूंनी डोळा टेकवत विचारलं.

"नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही, काकिमा. व्रण आहे नुसता."

काकूंनी माझी मान घट्ट धरली. मग त्या म्हणाल्या, "मग हे पोटसुटे अजून इथे काय करतायत?"

"कामावर परत आलेत. मेलेल्या गाठीचं उरलंसुरलं गिळतायत."

काकूंचे डोळे भरून आले. एवढ्या जणांनी माझ्यातून पाहिलं, पण पेशींना असं कोणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पाहुण्यांना आग्रह करावा तशा त्या हळूच म्हणाल्या, "खा रे बाळांनो. पोटभर खा."

मित्रांनो, असे पेटुक तुमच्याही छातीत आहेत. त्यांच्या पोटात उगाच धूर भरू नका. कुणास ठाऊक, एक दिवस त्यांना केवढं मोठं जेवण उरकावं लागेल.