शिकायला गेलेलं तेल

मी पेट्रोल बोलतोय. केमेच्या होडीच्या टाकीत तळाशी उरलोय, जेमतेम पेलाभर. होडी खाडीच्या शेवटच्या वळणावर थांबली आहे आणि इंजिन बंद आहे. होडीत नावाडी केमे आहे, तारिएरे आहे, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिचे आजोबा बिबोवेई पडले आहेत. मरायच्या आधी त्यांना आपल्या गावी पोचायचंय, बाकी काही नको. त्यांना जो उशीर झाला तो माझ्यामुळे झाला. हे कुणी मला म्हणालेलं नाही, पण मला ते ठाऊक आहे.

माझा जन्म याच पाण्याखालचा. खारफुटीच्या मुळांखाली चिखल, त्याखाली वाळू, आणि त्याच्याही खूप खाली दगडाच्या पोटात मी पडून होतो. कधीपासून, ते विचारू नका. एक दिवस वरून भोक पडलं आणि आमच्यातले वरच्या थरातले बाहेर पडायला लागले. मी बराच खाली होतो, माझी पाळी यायला एका माणसाची जवळजवळ सगळी हयात गेली. पण पहिल्या दिवशी वर काय झालं ते आम्हा सगळ्यांना कळलं, कारण आमच्यात गोष्ट वरून खाली झिरपते.

या गावची एक रीत आहे. पोर शिकायला बाहेर निघालं की घरचं मोठं माणूस धक्क्यावर उभं राहून पाण्यात ताडाची दारू ओततं आणि म्हणतं, "जा, शीक, पाण्याची वाट विसरू नको." पोरानं मोठ्यानं "येईन" म्हणायचं. म्हटलं नाही तर निरोप पुरा होत नाही. परत आल्यावर धक्क्यावर पाय ठेवायच्या आधी "आलो" म्हणायचं, मगच घरात घेतात.

तेलाची विहीर सुरू झाली त्या दिवशी तरुण बिबोवेई बाटली घेऊन तिच्याजवळ गेला, आणि सगळं गाव हसायला लागलं.

"अरे, तेलाला आई आहे का बाप? निरोप कुणाला देतोस?"

"आपल्याच मातीतून निघतंय ना? मग आपलंच पोर," बिबोवेई म्हणाला. "साहेबाचा दुभाष्या काय म्हणाला, ऐकलंत ना? हे काळं समुद्रापलीकडे जातं, तिथे स्वच्छ होतं, आणि मग दिवे लावायला, होड्या चालवायला येतं. म्हणजे शिकायलाच चाललंय की."

"मग पत्रं पण पाठवेल हो तुला."

"पाठवेल नाहीतर नाही पाठवणार. रीत ती रीत."

त्यानं दारू ओतली, शब्द म्हटले. आता "येईन" कोण म्हणणार? आम्हाला तोंड कुठे होतं? शेवटी तो स्वतःच म्हणाला, "त्याच्या वतीनं मी म्हणतो. येईन."

माझ्या वतीनं. तो शब्द मला लागला तो लागलाच.

माझी पाळी आली तेव्हा मी आनंदात होतो. वर आलो, सूर्य पाहिला, आणि लगेच पाइपात शिरलो. माझ्याबरोबर निघालेला गॅस, म्हणजे माझा भाऊच, त्याला मात्र तिथल्या तिथे उंच नळीच्या टोकावर जाळत होते. त्या ज्वाळेमुळे गावावर रात्रीसुद्धा नीट अंधार पडत नसे. पाइपाला एका ठिकाणी चीर होती. तिथून मी थोडा खाडीत सांडलो. मुद्दाम सांडलो नाही, पण सांडलो तर खरं. तारिएरेची आई ज्या चिखलात शिंपले वेचायची तिथे मी काळा थर होऊन बसलो. तिनं एक शिंपला उचलला, हुंगला आणि टाकून दिला. मग टोपली पालथी घालून ती घरी गेली. उरलेला मी पाइपातून पुढे निघून गेलो. सांडून पुढे जाणाऱ्याची लाज काय असते ते मला विचारा.

वाटेत, शहराच्या अलीकडे, आमच्या देशाचा तेल शुद्ध करायचा कारखाना लागतो. मला वाटलं, आपली शाळा हीच असणार. घरापासून जवळ, संध्याकाळी परत. पण चिमण्या थंड होत्या. फाटकावर रखवालदार होते, आत माणसं वेळेवर कामावर येत होती आणि वेळेवर घरी जात होती. पाइप जोडणारे दोघे बोलत होते.

"दुरुस्ती कधी संपायची रे?"

"माझा बाप इथे लागला तेव्हापासून चालू आहे. माझा पोरगा लागेल तेव्हा बघू."

अशा रीतीनं मी गावाजवळची शाळा ओलांडून बंदरावर गेलो आणि जहाजात चढलो. जहाजावर माझं फार कौतुक झालं. आमच्याकडचं तेल पातळ, त्यात गंधक कमी, शुद्ध करायला सोपं. परदेशी कारखानदार असल्या तेलाला चांगला भाव देतात. देशाला डॉलर हवे असतात, म्हणून मला विकायचं, आणि घरी पेट्रोल बनत नाही म्हणून त्याच डॉलरमधून पेट्रोल विकत आणायचं. ऐकायला वेड्यासारखं वाटतं, पण ज्याच्या शेतात गहू आहे आणि गावात गिरणी बंद आहे तो दुसरं काय करणार? गहू विकेल आणि पीठ आणेल. मधल्या दलालाला मात्र दोन्हीकडून मिळतं, म्हणून गिरणी दुरुस्त व्हायची कुणाला घाई नसते.

खरं सांगतो, त्या कौतुकानं मी सुखावलो. गावाची आठवण त्या दिवसांत फारशी आली नाही.

समुद्रापलीकडे मला तापवलं आणि आम्ही भावंडं वेगळी झालो. डांबर तिथल्याच रस्त्यावर राहिलं. डिझेल, रॉकेल आपापल्या वाटेनं गेलं. मी पेट्रोल झालो, पाण्यासारखा नितळ आणि झटकन पेट घेणारा. मग माझं नशीब म्हणा की माझ्या वतीनं दिलेला शब्द म्हणा, मला ज्या जहाजात भरलं ते आमच्याच देशाला निघालं होतं.

आणि इथे माझा खरा अपराध सुरू होतो. आमचं जहाज बंदराबाहेर येऊन नांगर टाकून उभं राहिलं. डॉलर भरायचे बाकी होते, शिवाय एवढं मोठं जहाज आत घेण्याइतकं धक्क्याजवळ पाणी खोल नव्हतं. छोटी जहाजं येणार, आम्हाला थोडं थोडं उतरवून नेणार. किनाऱ्यावरचे दिवे मला दिसत होते आणि मी नुसता डुलत होतो. त्याच दिवसांत इकडे शहरातल्या इस्पितळात डॉक्टरांनी तारिएरेला सांगितलं होतं की आजोबांना घरी न्या, आता इथे करण्यासारखं काही नाही. आजोबांनी तर सामानाची पिशवी उशाशी घेऊनच ठेवली होती. पण होडीला पेट्रोल नव्हतं. शहरात कुठेच नव्हतं. तारिएरे पिवळा कॅन घेऊन रांगेत उभी राहायची, आणि रांग संपायच्या आत पंप बंद व्हायचा. आजोबा रोज तेच विचारायचे, "आज निघतोय का गं?" ती म्हणायची, "उद्या." हे सगळं मी आत्ता होडीत त्यांच्या बोलण्यातून ऐकलं.

शेवटी मी उतरलो, टँकरनं आलो, आणि नदीकाठी तोन्येबाईच्या तरंगत्या पंपावर पोचलो. तिथे तारिएरे आली.

"बाई, कॅन भरा."

"भरते, पण अर्धाच. मागे किती जण आहेत बघ."

"माझे आजोबा घरी जायचे आहेत. परत यायचे नाहीत."

तोन्येबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि नळीचा खटका आणखी थोडा वेळ दाबून धरला. त्या थोड्यातच मी आलो, म्हणजे हा आत्ता उरलेला मी.

केमेनं माझ्यात इंजिन ऑइल मिसळलं. त्याचा हात ओला झाला होता, तो आजोबांच्या उशाशी टेकला. आजोबांनी वास घेतला.

"परदेशी दिसतंय."

"आजोबा, पेट्रोल सगळं परदेशीच असतं," केमे म्हणाला. "आपलं इथे कुठे बनतं?"

"आपण पाठवलं होतं की एक. शिकायला." ते हसले. "विसरलं बेटं. समुद्र ओलांडला की सगळी सारखीच."

"तुम्ही पण ना. तेलाची वाट बघता."

"मी बोललो होतो त्याच्या वतीनं. मग मी नाही बघायची तर कुणी बघायची?"

मी टाकीत होतो, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. ओरडावंसं वाटलं. पण पेटल्याशिवाय मला आवाज नाही.

या वळणावर ती जुनी तेलाची विहीर आहे, माझ्या पाठोपाठ आटलेली. तिच्यावर आता गंज चढलाय आणि बगळे बसतात. समोर गावची पितरं पुरलेली आहेत, म्हणून इथे सगळे इंजिन बंद करतात आणि थोडा वेळ गप्प राहतात. केमेनंही बंद केलं. आजोबांनी तारिएरेला खूण केली. तिनं पिशवीतून बाटली काढली, त्यांच्या हातात दिली आणि खालून आधार दिला. त्यांनी विहिरीच्या दिशेनं पाण्यात दारू ओतली.

"तारिएरे, ऐक. मी गेल्यावर ते कधी आलंच, तर त्याला रागावू नका. उशीर झाला म्हणून दाराबाहेर ठेवू नका. वाट लांबची आहे. आणि घरची शाळा बंद होती, त्यात त्याचा काय दोष?"

"बरं आजोबा."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

आता गप्प राहण्याची वेळ संपलीय. वळणापलीकडे गावचा धक्का आहे, तिथे माणसं उभी असणार. टाकीत आहे तेवढा मी त्या धक्क्यापर्यंत पुरेन, पुढे मी नसेन. तुम्ही कुणी माझ्यासारख्याला दूर पाठवत असाल तर पाठवा, पण जवळची शाळाही सुरू करा. म्हणजे घरी कुणाला अशी वाट बघावी लागणार नाही.

केमेनं इंजिन सुरू करायची दोरी हातात घेतली आहे. आजोबांनी डोळे मिटलेत, पण कान उघडे आहेत. केमेनं दोरी एकदा ओढली, मी पेटलो नाही. पुन्हा ओढली.

आलो, आजोबा.