जिवंत उदाहरण

माझा भाऊ शिरीष टोक्योजवळ ग्योतोकुला राहतो आणि सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याच्या लेकीला, मितालीला बायॉलॉजिस्ट व्हायचंय, म्हणून त्याने मला सेंदाईहून बोलावून घेतलं.

“समजावू वगैरे नकोस,” तो फोनवर म्हणाला. “फक्त तुझी परिस्थिती सांग. आपोआप ताळ्यावर येईल.”

सख्खा भाऊ! अस्सा संताप आला. पण परिस्थिती खरीच होती. पीएचडीनंतर अकरा वर्षं, तीन लॅब, दरवर्षी नवं कॉन्ट्रॅक्ट आणि येत्या मार्चनंतर तेही नाही. लॅबने माझ्या निरोपाची पार्टीसुद्धा ठरवली होती, आणि तारीख ठरवताना माझी सोय अगदी अदबीने विचारली होती.

जेवताना मी हे सगळं सांगितलं. शिरीष खुशीत मला आग्रह करकरून वाढत होता.

“पण आत्या, तू तिथे करतेस काय?” मितालीने विचारलं.

मग मी झेब्राफिशबद्दल बोलायला लागले. दोन पेरांएवढा मासा, पण हृदयाचा तुकडा कापला तरी दोन महिन्यांत पुन्हा वाढवतो. मी पेपर नॅपकिनवर ते हृदय काढून दाखवलं. आमटी गार झाली. मितालीचा घास हातातच राहिला आणि शिरीषचा आग्रह बंद पडला.

“तू गेल्यावर त्या माशांचं काय होणार?” तिने काळजीने विचारलं.

“त्यांना काय धाड भरलीये?” मी म्हणाले. “ते पर्मनंट आहेत.”