नाव न सांगितलेली सदस्या

या, जवळ सरकून बसा. कीर्तनाला बुवा यायला अजून वेळ आहे. तोवर आमच्या कडूबाईची गोष्ट सांगतो. तिनंच सांगा म्हटलंय.

"हे लाल काय चमकून राह्यलंय?" ओट्यावर शेंगा फोडता फोडता कडूबाईनं लेकीला विचारलं.

"आवाज टेप होतोय, माय."

"मंग बंद कर आधी."

ही लेक, शिवकन्या, युरोपात शिकते. तिथं गावाच्या कडेला ठेवलेल्या रोमा नावाच्या भटक्या जमातीच्या लोकांना कसं वागवतात, त्यांच्यातलं कुणी निवडून आलं तर त्याचं कोण ऐकतं, हा तिचा अभ्यास. सुट्टीत आली आणि मेंढपाळांच्या वस्तीवरून ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आईला तेच विचारू लागली. "बैठकीत तू कुठं बसतेस?"

कडूबाईनं दाराकडं पाहिलं. "तुला सरपंचानं पाठवलं का तुझ्या बापानं?"

"कुणीच न्हाई."

"मंग तालुक्याच्या साहेबाला दाखवशील. माझं पद जाईल." आणखी एक शेंग फोडून तिनं विचारलं, "तिकडच्या बाया सांगतात का?"

"एक सदस्य बाई हाय. तिला बैठकीची वेळ चुकीची कळवतात. ती पोचते तवा खुर्च्या उचललेल्या असतात."

"नाव काय तिचं?"

"सांगता येत न्हाई. शब्द दिलाय."

"मायला बी न्हाई?"

"तुला बी न्हाई."

कडूबाईनं शेंगा बाजूला सारल्या. "मंग माझं बी कुणाला सांगणार न्हाईस." "लाव तुझं ते लाल," ती म्हणाली. "तीन वर्षांत एकदा बी गेले न्हाई. माझ्या जागी तुझा बाप बसतो. शिपाई वही घरी आणतो, मी सही करते. वस्तीचा नळ सरपंचाच्या गल्लीत गेला, त्याच्यावर बी माझीच सही हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी शिपाई धर्मराज वही घेऊन आला. "वैनी, जल्दी सही करा."

"बैठक कधी हाय?"

"झाली की सकाळीच."

"मी न्हवते तिथं. वही घेऊन जा. पुढची नोटीस माझ्या हातात दे, ह्यांच्या न्हाई."

दारात उभा नवरा बिभीषण हळूच म्हणाला, "पद जाईल तुझं."

"जाईल तवा जाईल. आज सही न्हाई."

नोटीस अजून आलेली नाही. ती बघा कडूबाई, देवळाच्या खांबाला टेकून बसलीय; बैठकीत सही करायला पदराच्या गाठीत पेन आहे. पांडुरंगापुढं हात जोडाल तेव्हा त्या परक्या देशातल्या बाईला आठवा, असं तिनं सांगितलंय. नाव आपल्याला ठाऊक नाही, पण आठवा.