पिवळी रेघ

"पिवळे, झालं का गं? मुकादम दोनदा विचारून गेले."

"आले. दोन मिनिटं."

"मघाशीही दोनच होती. बाळंतपणापासून तुझी मिनिटं फार लांबलीयत हं."

दाराबाहेर जाड्या उभा होता. टायर सांभाळणारा. तो आत येणार नाही हे तिला माहीत होतं. उलट दुसरं कोणी आत येऊ नये म्हणून दाराला पाठ लावून तोच पहाऱ्याला उभा राहायचा. आत, दुसरीच्या वर्गात, पहिल्या बाकावर ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बाक सात वर्षांच्या मुलांच्या मापाचा. फळ्यावर सुट्टीआधीचा गृहपाठ तसाच होता: हातच्याच्या दहा बेरजा. शर्यतीसाठी शाळा तीन दिवस बंद होती आणि पटांगणात, घसरगुंडीच्या शेजारी, गाड्यांचे तंबू पडले होते. ज्या रस्त्यानं मुलं रोज शाळेत येत, त्याच्या दोन्ही कडांना आता सिमेंटच्या भिंती होत्या आणि वर जाळ्या. गाड्यांच्या ओढीनं उडू नयेत म्हणून गटारांची झाकणंसुद्धा वेल्डिंग करून बसवली होती.

त्या रस्त्यापलीकडे चारशे पावलांवर एका लॉजच्या खोलीत तिचा ढब्बू होता. साडेसात महिन्यांचा. रस्ता सकाळी सातला बंद झाला होता, तो संध्याकाळीच उघडणार होता.

तिनं छातीवरचा दुधाचा पंप काढला, बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं, खिशातलं पिवळ्या रंगाचं पेन काढलं आणि झाकणावरून खाली बाटलीवर एक उभी रेघ ओढली. शेजारी वेळ लिहिली: दहा बावन्न.

रेघेची सवय धंद्यातली. बोल्ट टॉर्क पान्यानं आवळायचा. ठरलेला ताण आला की पाना हातात 'कट्' करतो. कट् ऐकला की लगेच बोल्टपासून खालच्या धातूपर्यंत रेघ ओढायची. पुढे कधी बोल्ट हललाच तर रेघ मोडलेली दिसते. एक बोल्ट, एक कट्, एक रेघ. प्रत्येकाचा रंग वेगळा, म्हणजे कुठल्या बोल्टची जबाबदारी कोणाची हे विचारावं लागत नाही. हेडमिस्तरी मुकादम पांढरा. पुढची चाकं बघणारा पोक्त मेकॅनिक हिरवा. आणि गाडीचा मागचा सगळा भाग हिचा, पिवळा. नऊ वर्षांत तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

"हे बर्फाच्या पेटीत ठेव," दार उघडून तिनं बाटली जाड्याच्या हातात दिली.

"राजेंच्या पाण्याशेजारी? आणि चुकून तेच प्यायले म्हणजे?"

"अंगी लागेल. भिंतीला गाडी घासायची तरी थांबतील."

राजे म्हणजे ड्रायव्हर. बावीस वर्षांचा, मिशीची नुसती आशा असलेला. सकाळच्या सरावात त्यानं बँकेच्या वळणावर उजवं मागचं चाक भिंतीला घासलं होतं. चाकाला गाडीशी जोडणारा दांडा वाकला. नवा दांडा, नवे सहा बोल्ट. घाईमुळे रेघा शेवटी एकदम ओढू म्हणत ती तेच आवळत होती, तेव्हा शेजारच्या तंबूत कोणाचं तरी लेकरू रडलं. पाहुण्यांपैकी कोणाचं असेल. तिच्या ढब्बूचा आवाज वेगळा. पण ते शरीराला कुठलं कळायला? पान्हा फुटला, शर्ट भिजला, आणि ती पाना फडक्यावर ठेवून दोन्ही हात छातीशी धरून वर्गाकडे पळाली होती.

परत आली तेव्हा मुकादम गाडीपाशीच उभे होते. साठीचे, वाळक्या अंगाचे.

"मागचं झालं का, पोरी?"

"झालं. रेघा तेवढ्या राहिल्यात."

ती वाकली, रेघा ओढल्या, जाड्यानं चाक चढवलं. मग ब्रेकचं तेल, मग इंजिनावरचं झाकण, मग आणखी दहा कामं. त्यातच सासूबाईंचा फोन.

"आई, प्यायला का?"

"प्यायला, ढेकर दिला, झोपला. तुझा नवरा तेवढा जागाय. बाळापेक्षा त्यालाच जास्त थोपटावं लागतंय मला."

"रात्री किती वेळा उठला होता, माझ्या लक्षातच नाही."

"पाच वेळा. चारदा तू उठलीस, पाचव्यांदा मी. तू बसल्या बसल्या झोपली होतीस, बाळ मांडीवर आणि तोंडात दुपट्याचं टोक. तुझ्या तोंडात."

ती हसली. हसतानाही डोळे मिटत होते. गेले साडेसात महिने झोप म्हणजे सुट्या पैशांसारखी झाली होती. मिळेल तिथे, मिळेल तेवढी. सासूबाईंना ती थकल्याचं सांगत नसे. सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मग राहा घरी. आणि घरी राहायचं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं. बाळाच्या अंगाचा वास आणि गरम तेलाचा वास, दोन्ही तिला हवे होते. त्यात चूक काय, हे तिला कोणाला नीट समजावता येत नव्हतं.

मॅनेजर साहेबांना तर नाहीच. "तीन शर्यती बघू, मग तुला ठेवायचं का ते ठरवू," ती रजेवरून परतली तेव्हा ते म्हणाले होते. ही तिसरी. संध्याकाळी ते मुकादमांना विचारणार, आणि मुकादम म्हणतील तसं होणार.

मुकादम काय म्हणतील याची तिला काळजी नव्हती. ती रजेवर होती तेवढे महिने मागचा भाग त्यांनी स्वतः केला, पांढऱ्या रेघांनी. पिवळ्याला कोणाला हात लावू दिला नाही. कामावर आली त्या दिवशी त्यांनी खणातून तिचं पेन काढून दिलं. इतक्या दिवसांत ते सुकून खडखडीत व्हायला हवं होतं. तिनं टोक अंगठ्यावर टेकवलं, तर रंग ओला.

"दर सोमवारी हलवून ठेवायचो," ते म्हणाले होते. "पेन काय, माणूस काय, पडून राहिलं की वाळतं."

एक वाजून बारा मिनिटांनी राजे हेल्मेट काखेत मारून आले. एक वीसला रस्त्याचं फाटक उघडणार, पस्तीसला बंद होणार. जी गाडी तोवर बाहेर पडणार नाही, तिनं सगळ्यांच्या मागून निघायचं. राजे चौथ्या जागेवरून निघणार होते. इतक्या पुढून ही टीम कधीच निघाली नव्हती. जाड्यानं टायरांवरची गरम ब्लँकेटं अजून काढली नव्हती. "तुझं एक लेकरू, माझी चार," तो ब्लँकेटाची कड खोचत तिला म्हणाला. "आणि माझी रात्रीची उठत नाहीत."

राजे गाडीत बसायच्या आधी नेहमीसारखे तिच्यापाशी थांबले. त्यांचा हा ठरलेला प्रश्न. इतरांसमोर ते कितीही मिजास करत, पण हा प्रश्न विचारल्याशिवाय गाडीत पाय टाकत नसत.

"ताई, मागे बघावं लागणार नाही ना?"

आणि तिचं ठरलेलं उत्तर होतं, "तू पुढे बघ. मागे मी आहे." मात्र ते उत्तर ती तशीच उभ्यानं देत नसे. आधी वाकून चाकाच्या फटीतून आपल्या रेघांवर एक नजर टाकायची, मगच.

ती वाकली.

सहा रेघा. सहाही सारख्या. सगळ्या डावीकडे किंचित कललेल्या, एकाच जाडीच्या, एका दमात ओढलेल्या. पुढच्या बाकावरच्या मुलाची वही बघून उतरवलेल्या गृहपाठासारख्या नीटस. तिच्या रेघा अशा नसत. एक बोल्ट आवळायचा, पाना खाली ठेवायचा, पेन घ्यायचं, रेघ मारायची, पुन्हा पाना. प्रत्येक वेळी मनगट वेगळं पडे, रेघही वेगळी पडे.

या रेघा तिनं परत आल्यावर ओढल्या होत्या. एकदम. मग जाण्याआधी किती आवळले होते? तिनं आठवून पाहिलं. कट् ऐकू आला का? आला होता. कितीदा? आठवणीच्या जागी फक्त एक रडणारं लेकरू होतं आणि ओला शर्ट.

"ताई?" राजेंनी विचारलं.

"थांब जरा."

जाड्या शेजारी उकिडवा बसला. त्याला तिचा चेहरा दिसला. तो हळूच म्हणाला, "काय गं?"

"सहाच्या सहा आवळले का, मला सांगता येत नाहीये."

"रेघा आहेत की."

"रेघा नंतर मारल्या."

जाड्यानं तंबूच्या तोंडाशी उभ्या असलेल्या साहेबांकडे बघितलं. "आवळले असशील गं. तुझा हात काय नवा आहे? नऊ वर्षं सवयीचा हात आहे, तो आपोआप करतो. आज तिसरी शर्यत आहे तुझी. उगाच..."

तो खोटं बोलत नव्हता. हात सवयीचा होता. बहुतेक आवळलेच असतील. बँकेच्या वळणावर गाडी ताशी दोनशेनं येते आणि भिंत हाताच्या अंतरावर असते. तिनं एकदाच राजेंकडे पाहिलं. ते हातमोज्याचं बोट दातांनी ओढत उभे होते, ढब्बू ओढतो तसं.

ती उठली.

"मुकादम, उजवं मागचं चाक काढावं लागेल. माझ्या रेघांची मला खात्री नाही."

तंबूतले सगळे हात थांबले. मुकादमांनी का, कसं काही विचारलं नाही. घड्याळ बघितलं. "जॅक. जाड्या, चाक. कोणी पळायचं नाही, पळून काम चुकतं."

साहेब आले. "काय चाललंय? फाटक उघडतंय आता! आणि मी हेच म्हणत होतो, की..."

"साहेब, माझ्या उजेडात उभे आहात तुम्ही," मुकादम मान वर न करता म्हणाले.

चाक निघालं. तिनं पाना उचलला, पण मुकादमांनी हात पुढे केला. तिनं तो त्यांच्या तळहातावर ठेवला. नियम तिलाही माहीत होता; शंका ज्याची, त्यानं तपासायचं नाही.

कट्.

कट्.

कट्. चौथा, कट्. जाड्यानं श्वास सोडला आणि तिच्याकडे बघून भुवई उडवली, सांगितलं नव्हतं?

पाचव्याला आवाज आला नाही. पाना सहज फिरला, जवळजवळ पाव फेरा, आणि तिची पिवळी रेघ मधोमध मोडली. मग कट्. सहावाही तसाच फिरला.

मुकादमांनी फडक्याला स्पिरिट लावून सहाही पिवळ्या रेघा पुसल्या. पहिल्या चार खऱ्या होत्या, त्याही. मग सहाही बोल्ट पुन्हा पहिल्यापासून, एकेक कट्, एकेक पांढरी रेघ. वाकड्यातिकड्या, वेगवेगळ्या. चाक चढलं तेव्हा एक अठ्ठावीस झाले होते.

राजे अजून गाडीबाहेरच उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. तरी, की म्हणूनच, त्यांनी पुन्हा विचारलं, "ताई, मागे बघावं लागणार नाही ना?"

ती वाकली. सहा रेघा मोजल्या. उठली.

"तू पुढे बघ," ती म्हणाली. "मागे मुकादम आहेत."

राजे मान हलवून आत बसले. एक बत्तीसला गाडी फाटकाबाहेर पडली.

मागे तंबूत जमिनीवर चार ब्लँकेटं पडली होती. तिनं एकेकाची घडी घातली. मुकादम हात पुसत आले आणि समोर उभे राहिले. तिनं त्यांना बोलायला लावलं नाही. खिशातलं पेन काढलं आणि दिलं.

"संध्याकाळी साहेब विचारतील," ते म्हणाले. "काय सांगू?"

"झालं ते सांगा."

"दोन्ही सांगेन. सैल होते तेही, आणि तू बोललीस तेही." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "ते एकच ऐकतील, पोरी."

"माहितीये."

त्यांनी पेनाचं टोपण दाबून बघितलं, दोनदा हलवलं आणि ते शर्टाच्या खिशात आपल्या पांढऱ्या पेनाच्या शेजारी लावलं.

शर्यत सुरू झाली तेव्हा ती दुसरीच्या वर्गात होती. या वेळी दाराबाहेर कोणी नव्हतं; जाड्याला टायरांपाशी थांबणं भाग होतं. तिनं दाराला एक बाक लावला. गाड्या शाळेवरून गेल्या की खिडक्यांच्या काचा थरथरत आणि फळ्याखालचा खडू आपल्या जागी नाचे. त्या वीस गाड्यांतला आपला आवाज तिला ओळखू येत होता. दर एक मिनिट अडतीस सेकंदांनी तो यायचा. तो येईपर्यंत पंपावरचा तिचा हात थांबलेला असायचा, गेला की पुन्हा चालू व्हायचा.

बाटली भरली. तिनं झाकण फिरवलं, मग उघडून पुन्हा फिरवलं, घट्ट. हात आपोआप खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला.

ती उठली. फळ्याखालून खडूचा तुकडा घेतला. शर्टाच्या बाहीनं बाटली कोरडी पुसली आणि झाकणावरून खाली बाटलीवर रेघ ओढली. खडू प्लास्टिकवर धड उमटेना. तिनं पुन्हा ओढली, जोर देऊन, अगदी सावकाश.

मग बाटली मांडीवर धरून बसली आणि आवाजाची वाट बघू लागली. एक मिनिट तीस. पस्तीस. अडतीस.

काचा थरथरल्या.